पलीकडची होडी

१९५८ च्या चैत्रात हौसाबाईने अंथरूण धरलं, तेव्हा वाडीने सुगंधाला तिच्याकडे पाठवलं.

खाडीच्या मुखाशी असलेल्या त्या वाडीत पटकीच्या साथीच्या सालाबद्दल कोणी बोलायचं नाही असा दंडक होता. पण पुन्हा तशी वेळ आली तर विचारायला कोणीतरी हवं, म्हणून एका बाईने ते लक्षात ठेवायचं; आजवर ती हौसाबाई होती, आता सुगंधा. बाकीच्यांनी निवांत झोपायचं.

हौसाबाईने सगळं सांगितलं. पलीकडच्या गावात पटकी शिरली, तिथली माणसं होडीतून आसऱ्याला आली. वाडीतल्या पुरुषांनी वल्ह्यांनी होडी मागे लोटली. ओहोटी होती, होडी समुद्रात गेली ती गेलीच. होडीत कोण होतं, वल्ही कोणाच्या हातात होती, ती नावं हौसाबाईने सुगंधाकडून पाठ करून घेतली. त्यात सुगंधाच्या आजोबांचंही नाव होतं.

हौसाबाई गेली. सुगंधा मासळी घेऊन बसे, गिऱ्हाईक हसत भाव पाडून मागे, आणि तिला फक्त त्याच्या आज्याच्या हातातलं वल्हं दिसे. तिचं जेवण सुटलं. शेवटी ती वाडीच्या मानकऱ्याकडे, गंगारामकडे गेली.

"माका एकटीक झेपणा नाय. सगळ्यांका सांगूया."

"तुजा काम सांभाळूचा, सांगूचा न्हय," गंगाराम म्हणाला. "हौसान जल्मभर सांभाळल्यान."

"तिका कधी झोप लागली?"

गंगाराम उठून आत गेला.

दुसऱ्या दिवशी सुगंधा तरीतून खाडी ओलांडून पलीकडच्या गावात गेली. समुद्रात गेलेल्या होडीत जिची थोरली बहीण होती, ती काशीबाई घरापुढच्या खळ्यात कोकमाचे रातांबे फोडत होती. सुगंधाने समोर बसून सगळं सांगितलं.

"आमका ठावक आसा," काशीबाई म्हणाली. "काठारसून सगळा दिसला. होडी पालथी होवन हयच लागलेली."

"मगे कधी बोललात नाय?"

"सांगूचा कोणाक? तुमच्याकडसून कोण इलोच नाय." तिने टोपली सुगंधाकडे सरकवली. "माजी बहीण खंय बसलेली, ता सांगितल्यान हौसान?"

"फुडे, नाळीर. पोराक घेवन."

काशीबाईने मान हलवली. दोघी दुपारपर्यंत रातांबे फोडत राहिल्या.

वाडीत हे कळलं आणि सुगंधाकडून मासळी घेणं बंद झालं. ती मालवणच्या बाजारात बसू लागली. दिवाळीनंतर एकदा गंगारामची सून मथुरा पाण्याला जाता जाता तिच्या दारात आली आणि घागर खाली ठेवली.

"वल्ह्यार आमच्या घरातलो कोण होतो?"

सुगंधाने नाव सांगितलं. मथुराने ते एकदा स्वतःशी म्हटलं, मग घागर उचलून विहिरीकडे गेली.