औषधापुरती

ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर मुळात घाबरट नव्हते. शिकाऊ माणसं गाडी फुटपाथवर चढवत, चुकीच्या गल्लीत घालत, आणि मास्तर शेजारी बसून आपल्या पायाखालचा जादा ब्रेक हलकेच दाबत म्हणत, "काही झालं नाही. पुन्हा."

पण एकदा एक सायकलवाला अचानक आडवा आला. ब्रेक वेळेवर लागला, कोणाला खरचटलंही नाही. सायकलवाला तोंडभर शिव्या देऊन निघून गेला. मास्तरांच्या छातीत मात्र जी धडधड सुरू झाली ती थांबेना. घरी आले की खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या. गॅस बंद केला का? कुलूप लावलं का? अंथरुणात पडल्यावरही उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा.

मेव्हण्याने उपाय सुचवला. "भावोजी, रोज संध्याकाळी थोडी ब्रँडी घ्या. औषधापुरती. माझ्याकडे बघा, कसलं टेन्शन आहे का?"

"टेन्शन यायला आधी कामधंदा लागतो," बायको आतून म्हणाली.

पण ब्रँडी लागू पडली. कपाचा तळ जेमतेम झाकला जाईल एवढीच, तरी खांदे सैल पडायचे. जेवताना मास्तर पुन्हा थट्टामस्करी करू लागले. माणूस झोपतोय ना, म्हणून बायकोही गप्प राहिली.

मग हळूहळू गाडं बिघडलं. पहाटेच डोळे टक्क उघडायचे, हातापायांना मुंग्या, छातीत धडधड. दुपार कलली की जीव संध्याकाळकडे डोळे लावून बसायचा. माप आपण कधीच वाढवलं नाही, असं मास्तर स्वतःला बजावत. खरंच होतं ते. वाढली होती ती भीती.

त्यांच्याकडे एक काकू शिकायला यायच्या. यजमानांची नजर अधू झाली, म्हणून साठी उलटल्यावर त्यांनी स्टिअरिंग हाती घेतलं होतं. त्यांच्या परीक्षेच्या दिवशी मास्तर थरथरतच उठले. काकूंसमोर असे हात घेऊन जायचं? त्यांनी सकाळीच ब्रँडी घेतली, रोजच्याएवढीच, आणि तोंडात लवंग टाकली.

परीक्षेला जाताना वाटेत मोठा चौक होता. उजवीकडून ट्रक आला आणि काकू गोठल्या. मास्तरांचा पाय ब्रेकवर गेला, पण क्षणभर उशिरा. ट्रक नाकासमोरून घासून गेल्यासारखा गेला.

काकूंनी सिग्नल देऊन, शिकवल्याप्रमाणे आरसा बघून, गाडी कडेला घेतली. किल्ली काढून पर्समध्ये टाकली.

"मास्तर, लवंगेचा वास येतोय. आणि तिच्याआडून दुसराही."

"थोडीच घेतली, काकू. औषधापुरती." मास्तरांचा पाय अजून ब्रेकवरच होता. "भीती वाटते हो मला. सारखी."

"मलाही वाटते. तुमच्या पायाच्या भरवशावर बसते मी इथे."

परीक्षा राहिली ती राहिलीच. मास्तरांनी ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाला बोलावून घेतलं. काकूंनी किल्ली त्याच्याच हातात दिली आणि त्या रिक्षाने घरी गेल्या. मास्तरांनी मालकाला सगळं सांगितलं, आणि त्याने त्यांना गाडीवरून उतरवून ऑफिसात बसवलं.

संध्याकाळी बायको त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. "घेतली की ती भीतीला झोपवते," डॉक्टर म्हणाले, "आणि उतरली की भीती जास्तच जोराने जागी होते. थोडी असली म्हणून काय झालं, रोजची आहे ना? किती घेता ते खरं सांगा. कशी सोडायची ते मी सांगतो. आणि भीतीवर वेगळा इलाज करू. तो आहे."

पहिले काही दिवस फार वाईट गेले. मास्तर घरभर फिरायचे, बसायचे, उठायचे. "या खोलीत तुम्ही आणि तुमची भीती, मला पाय ठेवायला जागा नाही," असं म्हणत बायको त्यांना बाहेर फिरायला काढायची. तिच्याशी भांडता भांडता ते बरंच लांब चालून यायचे. समुपदेशन करणाऱ्या बाईंकडे तर ते आधी तासभर फक्त त्या सायकलवाल्याविषयी बोलले.

काही महिन्यांनी मालकाने त्यांना पुन्हा गाडी दिली. काकू दुसऱ्या मास्तरांबरोबर परीक्षेला बसून, गाडी मागे घेताना खांबाला धडकून नापास झाल्या होत्या. त्यांनी आपल्या जुन्या मास्तरांनाच मागून घेतलं. आधी जवळ येऊन वास घेतला, मगच आत बसल्या.

"छातीत धडधडतंय का?" त्यांनी विचारलं.

"धडधडतंय."

"माझंही. चला, मला ते मागे घेणं शिकवा."

मास्तरांनी मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. "क्लच हळू," ते म्हणाले. "अजून हळू."