भंगारवाल्याच्या काट्यावरची जीप

देवापुढे हात जोडून उभं राहिलं की आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘दे’. ‘काढून घे’ म्हणणारा भक्त विरळा. आपल्या गोष्टीतला सुतारही चारचौघांसारखाच. तोही मागतच होता. फरक एवढाच, की तो मागायचा देवाकडे आणि त्याचं एकेक काढून न्यायचा भंगारवाला.

घरात माणसं तीन. सुतार, शिवणकाम करणारी त्याची बायको आणि एकुलती एक लेक, जी नर्स झाली होती. पुढच्या खोलीत खिडकीखाली शिवणयंत्र, आणि चिंध्यांचं एक गाठोडं, जे कितीही सोडलं तरी परत तेवढंच व्हायचं. मागे फरशीचं अंगण. अंगण बायकोचं, कारण गिऱ्हाइकाचं कापड शिवण्याआधी पाण्यातून काढून ती तिथे वाळवायची. पण सुताराला टाकलेल्या वस्तू उचलून घरी आणायची खोड होती. मोडका झोपाळा, तीन पायांचं टेबल, कुठल्याशा होडीचं सुकाणू. एकदा लग्नाच्या पोशाखाचं पांढरंशुभ्र कापड त्या सुकाणूला अडकून फाटलं, तेव्हा बायकोने कायदाच केला. अंगणात एक वस्तू आत आली की एक बाहेर गेली पाहिजे. सुताराने मान डोलावली. संसारात काही कायदे मान डोलावण्यासाठीच असतात असं त्याला वाटत होतं. तसं ते नव्हतं.

लेकीने बदलीवर एक हंगाम वरच्या वस्तीच्या दवाखान्यात काढला होता. तिकडे जायचं म्हणजे आधी ओढा, मग चिखलवट, मग उभा चढ. सरकारी भाड्याची गाडी मनात आलं तर यायची. एकदा कळा देणारी एक बाई ओढ्याच्या त्या काठाला आणि ही या काठाला. कण्हणं ऐकू येत होतं, जाता येत नव्हतं. देवाच्या कृपेने बाई वाचली, बाळही वाचलं. पण त्या दिवशी घरी येऊन लेक ताटावरून तशीच उठली. मग तिने ठरवलं, कायमची नेमणूक घ्यायची ती तिथलीच.

नेमणूक देणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं. भाड्याची गाडी आता बंद. ज्याची स्वतःची गाडी चिखल असताना वर पोचेल त्यालाच ती जागा. ते स्वतः सोबत येऊन बघणार होते. जमलं नाही तर हिला औषधांच्या कोठारात बसून खोकी लावायची होती.

लेकीने साठवलेलं सगळं देऊन दगडखाणीतली एक थकलेली जीप घेतली. चारही चाकांना ताकद जाणारी, पण गंजून विटकरी झालेली. ती अंगणात आली त्या दिवशी झोपाळा, टेबल आणि सुकाणू बाहेर गेलं. बायको दारात उभी राहून मोजून घेत होती.

पैसा संपला होता, म्हणून पुढचं सगळं भंगारवाल्याच्या काट्यावर झालं. त्याचा व्यवहार सरळ होता. वजनाला वजन, आणि वर त्याचा हिस्सा. जेवढं लोखंड न्यायचं त्याहून चांगलंच जास्त देऊन जायचं. आणि अंगणात आता द्यायला लोखंड उरलं होतं ते फक्त जीपचंच.

जीपच्या खालचे, धक्के झेलणारे पाटे दबून सपाट झाले होते. भंगारवाल्याकडे दुधाच्या गाडीचे बरे पाटे निघाले. त्याबदल्यात जुने पाटे आणि वर जीपचा मागचा लोखंडी बंपर गेला. पुढे रुंद टायर मिळाले, तेव्हा मागची दोन्ही बाकं आणि चारही दारं गेली. सुतार काट्यापाशी उभा राहून कुरकुरायचा, की टायर चार आणि दारंही चार, मग बाकं कशाची? भंगारवाला शांतपणे म्हणायचा, “ती माझी, दादा.”

दारांच्या जागी बायकोने ताडपत्रीचे पडदे शिवले, दुहेरी शिलाई घालून, खिसेसुद्धा लावून. चालकाशेजारच्या आसनासकट पत्र्याचं छप्पर गेलं तेव्हा सुताराने लाकडाच्या कमानी वाकवल्या आणि त्यांच्यावर ताडपत्री ताणली. तळाचा पत्रा सडला होता. तो सोलून त्याने पातळ फळ्या बसवल्या आणि सांधे डांबराने बंद केले. लोखंडातलं त्याला फारसं कळत नव्हतं. एखादा नट हलत नसला की तो पद म्हणायला बसायचा आणि नट सुटेपर्यंत तीच ओळ घोळवायचा. शेजारपाजारचे त्यावरून ओळखायचे. पद पुढे सरकलं म्हणजे काम सरकलं. एका आठवड्यात तर पहिली ओळच चालली होती. शेवटी पलीकडच्या बाई भिंतीवरून म्हणाल्या, आता देवालाही पाठ झालं असेल, थोडं खोबरेल तेल सोडून बघा.

ओढ्याच्या पाण्यात इंजिन गुदमरू नये म्हणून हवा वरून घ्यायला हवी होती. सुताराने सांडपाण्याचा प्लॅस्टिकचा पाइप आणून काचेच्या कडेने छपरापर्यंत चढवला. शेजारचा ट्रकवाला बघायला आला, पाइपाकडे बघत राहिला आणि विचारता झाला, “मिस्त्री, वरच्या मजल्यावर न्हाणीघर काढताय का?”

हसणं सुताराला लागत नव्हतं. त्याला लागलं ते कौतुक. त्याच जागेसाठी अर्ज केलेला दुसरा नर्स म्हणजे ठेकेदाराचा भाचा. स्वभावाने गोड मुलगा. त्याच्या जीपला पुढे जाडजूड लोखंडी जाळी, जाळीत विंच, म्हणजे दोर गुंडाळत गाडीला ओढून काढणारं यंत्र, मागे पेट्या, पाण्याची टाकी आणि छपरावर दिव्यांची अशी रांग, की सगळे त्याला लाइटवालाच म्हणायचे. तो एका सकाळी अंगणात आला, जीपभोवती एक फेरी मारली आणि मनापासून म्हणाला, “ताई, साधी आहे, पण छान आहे हो.”

त्या ‘साधी’ने सुताराची झोप उडवली. लेकीने जन्मात एकच गोष्ट मागितली आणि आपण तिला ही ताडपत्रीची टोपली करून दिली, असं त्याच्या मनाने घेतलं. भंगारवाल्याकडे एक जुनं विंच पडलं होतं. द्यायला जीपमध्ये काही उरलं नव्हतं. म्हणून सुताराने आपल्या कामाच्या बाकावरचा शिकंजा सोडवला. फळी पकडून धरणारा तो ओतीव लोखंडाचा शिकंजा त्याच्या वडिलांपासून चालत आलेला होता, आणि त्याच्याशिवाय त्याचं काम पांगळंच होणार होतं. दोन्ही हातांनी पोटाशी धरून तो दारापर्यंत आला, तेवढ्यात लेक आडवी आली.

कुठे नेताय हे, म्हणून तिने विचारलं. त्याने सांगितलं. ती दारातच बसली आणि त्यालाही खाली बसवलं.

“बाबा, मी दर रविवारी वीटभट्टीमागच्या ओल्या जागेत गाडी घेऊन जाते. पहिल्यांदा नेली तेव्हा चाक अर्धं आत गेलं होतं. बंपर काढलात, थोडं कमी रुतलं. दारं गेली, आणखी कमी. छप्पर गेल्यापासून नुसते टायरचे ठसे उठतात. तुम्ही जे जे काढलंत त्याने गाडी वर आलीय. आता विंच लावलंत तर ती परत खाली जाईल.”

सुताराने पोटाशी धरलेला शिकंजा खाली ठेवला.

“म्हणजे तो भंगारवाला मला लुटत होता ते...”

“लुटू दे की.”

आतून शिवणयंत्र थांबल्याचा आवाज आला. बायको म्हणाली, की पसारा बाहेर काढा म्हणून आपण जन्मभर सांगतोय, तेव्हा कोणी ऐकलं नाही, आता लेकीच्या तोंडून ते शास्त्र झालं. मग यंत्र परत सुरू झालं. सुताराने शिकंजा जागेवर नेऊन बसवला आणि त्याचे नट जरा जास्तच आवळले.

परीक्षेचा दिवस आला. आदल्या रात्रीपर्यंत पाऊस होता, सकाळ उघडी. सुतार आणि त्याची बायको ओढ्याच्या अलीकडच्या उंचवट्यावर येऊन उभे राहिले. डॉक्टरांनी दोन्ही गाड्या पाहिल्या. ताडपत्रीच्या जीपमध्ये डोकावून त्यांनी बसायला जागा शोधली, चालकाच्या आसनाखेरीज फक्त औषधांची पेटी दिसली, आणि ते लाइटवाल्याच्या मऊ गादीवर जाऊन बसले. त्यांचं काही चुकलं नाही. पाठदुखीचा माणूस दुसरं काय करणार?

ओढा दोघांनीही पार केला. लाइटवाल्याची गाडी ऐटीत, पाणी दोन्हीकडे उडवत. लेकीची सावकाश, पाइपातून श्वास घेत. पुढे होती चिखलवट. दुधावर साय धरावी तसा वर करडा पापुद्रा, आणि खाली काय असेल ते देव जाणे. लाइटवाला पुढे होता, तो तसाच शिरला. थोडं अंतर नीट गेलं. मग साय फाटली. गाडी आधी पुढून बसली, मग मागून, आणि चाकं फिरवावीत तशी खोल जात पायरीपर्यंत टेकली. त्याने उतरून विंचचा दोर मोकळा केला आणि हातात आकडा धरून चहूकडे पाहिलं. चिखलवटीवर एक झाड नव्हतं की एक खडक नव्हता. दोर बांधायचा कशाला? यंत्र उत्तम होतं, पण त्याला धरायला काही नव्हतं.

लेकीने काठावरच गाडी थांबवली. उतरून चारही टायरमधली हवा सोडली, टायर तळाशी पसरट होईपर्यंत. मग आत बसली आणि सर्वांत हळू, सर्वांत जोराच्या गिअरमध्ये गाडी टाकली.

उंचवट्यावर सुताराने डोळे मिटून घेतले होते. ओठ हलत होते.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“चाललीय,” बायको म्हणाली.

“आणि आता?”

“चाललीय म्हणते ना. त्या मुलाच्या गाडीला वळसा घालून चाललीय.”

“रुतली का?”

“अहो, डोळे उघडा. उघड्या डोळ्यांनी नाव घेतलं तर देव काही रागावायचा नाही.”

त्याने डोळे उघडले. करड्या पापुद्र्यावरून त्याची जीप जात होती. वेगाने नाही, कुठे धक्का नाही, कुठे थांबणं नाही. पाण्यावरून पान वाहत जावं तशी ती जात होती. मागे फक्त दोन उथळ पट्टे उठत होते आणि त्यांच्यात हळूहळू पाणी भरत होतं. ताडपत्री वाऱ्याने फुगत होती. पलीकडची कडक जमीन चाकांना लागली तेव्हा गाडीने अंग झटकल्यासारखं केलं आणि थांबली. सुताराने बायकोचा दंड इतका घट्ट धरला होता, की तिने एकेक बोट सोडवून काढलं. तिचेही डोळे भरले होते, पण ती म्हणाली, की वाऱ्याने.

लेक चालत परत आली, गुडघाभर चिखलातून. तिने डॉक्टरांना हात देऊन बाहेर काढलं. एक बूट तिथेच राहिला, तो लाइटवाल्याने कोपरापर्यंत हात घालून शोधून दिला. डॉक्टर जीपमध्ये औषधांच्या पेटीवर बसले, दोन्ही हातांनी लाकडी कमान धरून. लाइटवाला मागे फळीवर. चढावर पोचल्यावर तो आपणहून उतरला आणि म्हणाला, “ताई, मी चालतो. माझं वजन कशाला?” आणि खरोखरच गाडीमागे चालत वर आला. देवाने असा प्रतिस्पर्धी सगळ्यांना द्यावा.

वर दवाखान्याच्या ओट्यावर माणसं जमली होती. इंजिनचा आवाज त्यांनी वळणाखालून ऐकला होता. एक बाई कडेवरचं मूल घेऊन सगळ्यांच्या पुढे आली. ओढ्याकाठचं ते बाळ आता एवढं मोठं झालं होतं. डॉक्टर पेटीवरून उतरले, कंबर सरळ केली, चिखलाने भरलेल्या खिशातून किल्ली काढली आणि लेकीच्या हातात ठेवली. “सिस्टर, दवाखाना सांभाळा,” एवढंच म्हणाले.

तिने कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या, हात धुतले. एका म्हाताऱ्याचा कान बघितला, एका पोरीचं पाऊल बांधलं. डॉक्टर थोडा वेळ बघत होते. मग घड्याळ पाहून म्हणाले, चला, आता खाली सोडा.

“सर, माझी ड्यूटी सुरू झालीय,” ती म्हणाली. “कोणाला कधी लागेल सांगता येत नाही. गाडी वरच राहणार.”

डॉक्टरांनी लाइटवाल्याकडे पाहिलं. लाइटवाला हसू दाबत दाराबाहेर निघालाच होता.

ऊन कलता कलता दोघं ओढ्यातून पायी बाहेर आले. लाइटवाल्याच्या खांद्याला खांदा लावून डॉक्टर उंचवटा चढले. विजार मांड्यांपर्यंत करडी, बूट हातात. सुतार आणि त्याची बायको अजून तिथेच उभे होते.

“मिस्त्री,” डॉक्टर धापा टाकत म्हणाले, “तुमच्या मुलीने मला चालत पाठवलं.”

सुताराने हात जोडले, पण क्षमा मागितली नाही. डॉक्टरांना टेकायला दगड दाखवला, आपल्या खांद्यावरचं उपरणं पाय पुसायला दिलं, आणि मग वर, झाडीत जिथून वरच्या वस्तीच्या धुराची एक रेघ निघत होती तिकडे पाहत म्हणाला, “बरोबर केलं तिने.”