पिवळी राहिलेली बाटली

"बाटलीत निकेल तुझ्याच हातून पडतंय," प्रयोगशाळेत मॅडम पुन्हा म्हणाल्या आणि माझं डोकं फिरलं.

आमच्या जिवाणूंना युरिया फोडायला निकेल लागतं. युरिया फुटला की पिवळी बाटली गुलाबी होते. मी त्यांच्या खाद्यातलं निकेल काढून टाकलं, तरी बाटली गुलाबीच! भांडी आम्लात बुडवली, निकेल असलेले स्टीलचे चमचे हद्दपार केले, बोटातली अंगठीसुद्धा घरी ठेवली. तरी गुलाबी. मग डोक्यात प्रकाश पडला: हे लबाड सुकाळात निकेल पोटात साठवतात आणि दुष्काळात पुरवून पुरवून वापरतात.

मी हट्टाला पेटले. निकेल साठवणारं प्रथिनच बनवता येणार नाही, असे जिवाणू तयार केले. जुन्या आणि नव्या, दोन्ही जातींना आधी भरपूर निकेल दिलं, मग एकदम बंद केलं. भांडी तीच, हातही माझेच; निकेल हातून पडत असेल तर दोन्ही बाटल्या गुलाबी व्हायला हव्यात.

सकाळी जुन्या जिवाणूंची बाटली गुलाबी होती, नव्यांची पिवळीधमक.

मॅडमनी दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या. "पुन्हा करून बघायला हवं."

"बघू की," मी म्हणाले. "या वेळी हात तुमचे."

मॅडमनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग बोटातली अंगठी काढून टेबलावर ठेवली.