पृथ्वीचा तात्पुरता आवाज

तारांगणात सगळे दिवे मालवले की एक भारदस्त निवेदक सांगतो, "आता ऐका, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या अगदी बाहेरच्या सीमेवर उठणाऱ्या लहरी." मग घुमटभर खर्जातलं काहीतरी घुमायला लागतं. लहान मुलं आईला बिलगतात, मोठी माणसं मान वर करून तोंड उघडं टाकतात. गेल्या महिन्यापर्यंत तो आवाज माझ्या सासऱ्यांच्या घोरण्याचा होता. आणि तो तिथे बसवणारा ध्वनितंत्रज्ञ, म्हणजे स्वतःच्या मते या विषयातला जाणकार, मी.

हे कसं झालं ते पहिल्यापासून सांगतो. निदान मूर्खपणाला क्रम तरी येईल.

पृथ्वीभोवती तिचं चुंबकीय क्षेत्र असतं. सूर्याकडून कणांचा वारा येऊन त्याला सतत थडकत असतो. दोघं जिथे एकमेकांना रेटतात तिथे एक सीमा तयार होते, आणि वाऱ्यात तंबूचं कापड हलावं तशी ती आत-बाहेर होत राहते. एकेक लाट उठून बसायला दहा-दहा मिनिटं घेते. इतकं सावकाश काही माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, म्हणून उपग्रहानं टिपलेले आकडे घ्यायचे आणि आवाज म्हणून प्रचंड वेगानं वाजवायचे. हे मला ज्या शास्त्रज्ञ बाईंनी समजावलं, त्यांना आमच्याकडे सगळे लाटवाल्या मॅडम म्हणतात. मी समजल्यासारखी मान हलवली. मान हलवण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

मॅडमनी आकडे पाठवले आणि त्या वर्षभरासाठी दुसऱ्या संशोधन केंद्रात निघून गेल्या. मी ते आकडे शंभर पट वेगानं वाजवले. काही ऐकू येईना. आवाज वाढवला, तरी नाही. आणखी वाढवला तेव्हा स्पीकरची जाळी थरथरली आणि टेबलावरचा चहा सांडला, पण आवाजाचा पत्ता नाही. मॅडमना फोन करावा, तर सगळं समजलं म्हणून आदल्याच दिवशी छाती फुगवून सांगितलेलं. उद्घाटन तोंडावर आलेलं. संचालक येता-जाता दारातून डोकं आत घालायचे आणि विचारायचे, "काय, गाते का पृथ्वी?"

तेव्हा कॉम्प्युटरमध्ये खर्जातलं काहीतरी हुडकताना मला 'पुरावा' नावाची फाइल सापडली. आपण घोरतो हे माझ्या सासऱ्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही. सासूबाई म्हणायच्या, "हे घोरतात तेव्हा कपाटातल्या वाट्या वाजतात." सासरे म्हणायचे, "वाट्याच हलक्या आहेत." एकदा त्यांच्याकडे मुक्कामाला असताना मी दुपारी उशाशी मायक्रोफोन ठेवून पुरावा गोळा केला. ऐकवल्यावर सासरे शांतपणे म्हणाले, "हा तुमचा आवाज आहे, जावईबापू."

फाइल सापडली तेव्हा त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. मी कान टवकारले, कारण खर्ज अप्रतिम होता. शिवाय मध्ये एक लांबलचक खंड पडायचा, ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा, आणि मग जडशीळ दार ढकलल्यासारखं पुन्हा सुरू. मी ते थोडं सावकाश केलं, थोडं घुमवलं आणि फाइलला नाव दिलं 'पृथ्वी तात्पुरती'. उद्घाटन पार पडलं की मॅडमना विचारून खरा आवाज बसवायचा, असं अगदी मनापासून ठरवलं होतं. पण उद्घाटनाला संचालकांच्या अंगावर काटा आला. त्यांनी बाही वर करून तो सगळ्यांना दाखवला. त्यानंतर तात्पुरत्या पृथ्वीला हात लावायची माझी काय बिशाद!

पुढच्याच रविवारी सासूबाई कार्यक्रम बघायला आल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही आल्या. मग दर रविवारी. मधल्या रांगेतली तीच खुर्ची, मांडीवर तीच पर्स, डोळे मिटलेले. मी तर हवेतच तरंगायला लागलो. घरी बायकोला म्हणालो, "तुझ्या आईला माझी कला कळायला लागली."

"आईला?" बायको म्हणाली. "टीव्ही बारीक कर, एवढंच तिचं आवाजाबद्दलचं मत आहे."

घुमटाखाली चक्कर येते म्हणून बायको स्वतः कधी तारांगणात आली नाही, त्यामुळे तिला काय कळणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. सासूबाईंची खुर्ची मी राखून ठेवायला लागलो. बसमधून येताना त्यांना सौरवारा समजावून सांगायचो. त्या "हो का?" म्हणायच्या आणि खिडकीबाहेर बघत बसायच्या.

गेल्या महिन्यात लाटवाल्या मॅडम परत आल्या आणि न सांगता रविवारच्या खेळाला येऊन बसल्या. नेमक्या सासूबाईंच्या शेजारी. दुसऱ्या बाजूला मी होतो. निवेदक बोलला, आवाज सुरू झाला, घुमला, आणि मधला खंड आला. अंधारात मॅडम किंचाळल्या, "आई गं!"

दिवे लागले तेव्हा त्या बरगडी चोळत होत्या. "आजी, तुम्ही मला ढोसलंत का?"

"चुकलंच हो, बाई," सासूबाई ओशाळून म्हणाल्या. "सवयच आहे. हे थांबले की कोपरानं ढोसायचं, मग पुन्हा सुरू होतात. एरवी मी हात आवरून बसते."

"हे म्हणजे कोण?"

सासूबाईंनी हनुवटीनं घुमटाकडे दाखवलं. "आमचे हे."

मॅडमनी आधी घुमटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी माझ्या बुटांकडे पाहिलं. बाहेरच्या व्हरांड्यात आल्यावर मी सगळं ओकलो.

"माझ्या एका विद्यार्थ्यानं हे ऐकून मला लिहिलं होतं," मॅडम म्हणाल्या, "लाटा मध्येच अशा थांबतात का? आणि मी त्यावर गंभीरपणे विचार करत बसले! पुढच्या रविवारच्या आत हे निघालं पाहिजे."

त्यांचं काहीच चुकत नव्हतं. मी सासूबाईंकडे वळलो. "आई, तुम्ही ओळखलंत कधी?"

"पहिल्याच दिवशी. जन्मभर शेजारी झोपले, मला कळणार नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम माझ्यासाठी लावलंय. म्हटलं, जावई मनातलं बोलून दाखवत नाहीत, तर आपणही कशाला बोलून त्यांना अवघडवायचं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'हो, तुमच्यासाठीच' असं म्हणून मोकळं होता आलं असतं, तोंडापर्यंत आलंही होतं. पण मॅडम समोर उभ्या होत्या आणि नुकताच मी त्यांना खरं सांगून बसलो होतो. "आई, ती फाइल तुम्हाला फोनवर देतो," मी म्हणालो. "घरी केव्हाही ऐका."

"नको," त्या म्हणाल्या. "घरी ऐकलं की बाजूला हात जातो. इथे बरं वाटतं. अंधार असतो, शंभर माणसं गप्प बसून ऐकतात. सगळे पाव्हणे यांच्या घोरण्याला हसायचे हो. इथे कोणी हसत नाही." मग त्यांनी पर्स उघडली, उगाच आत पाहिलं, पुन्हा बंद केली. चेन काही केल्या लागेना. "पण बाई म्हणतात ते बरोबर आहे. पृथ्वीचा म्हणून सांगता, तर पृथ्वीचाच हवा."

मॅडम माझ्या खोलीत बसल्या आणि चहा निवायच्या आत त्यांनी चूक शोधली. "शंभर पट? अहो, लाख पट हवं!" म्हणजे तीन शून्यं तेवढी राहिली होती. लाख पटीनं वाजवल्यावर रिकाम्या पिंपावरून कोणी तळवा फिरवावा तसा आवाज निघाला, खोल आणि सारखा बदलणारा. झक मारत कबूल करतो, फार सुंदर होता. मध्ये एकदा चारेक दिवस सौरवारा मंदावला होता, सीमा निवांत झाली होती. लाख पटीनं त्या चार दिवसांचे तीन-चार सेकंद झाले, आणि तेवढ्यात अगदी चिडीचूप.

"हा खंड खरा आहे," मॅडम मला बजावून म्हणाल्या.

त्या रविवारी सासूबाई येतील असं मला वाटलं नव्हतं. तरी खुर्ची राखून ठेवली. त्या आल्या, पर्स मांडीवर घेतली, डोळे मिटले. मी शेजारी, मॅडम मागच्या रांगेत. नवा आवाज सुरू झाला. सासूबाईंचा चेहरा अंधारात दिसत नव्हता. मला वाटलं, आपण या बाईला दुसऱ्यांदा विधवा केलं.

मग खंड आला. घुमटात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. आणि माझ्या बरगडीत सणसणीत कोपर बसलं.

आता मी काय करायला हवं होतं? सौरवारा समजावून सांगायला हवा होता? मी घोरलो. भरल्या तारांगणात, शुद्धीवर असताना, जमेल तेवढा जोर लावून.

मागून मॅडमनी "शूऽऽ" केलं. सासूबाईंचा खांदा माझ्या खांद्याला लागून हलत होता. हसू आवरून त्या माझ्या कानाशी आल्या.

"तसं नाही, जावईबापू. श्वास आत ओढताना वाजायचे ते. सोडताना नाही."

मी श्वास आत ओढला.