संगप्पा सांगतात

संगप्पांनी गिरणीचा वरचा दगड उलटा केला, त्याच्यापुढे गोणपाट टाकून बसकण मारली आणि टाकीच्या छिन्नीवर हातोडीचा पहिला घाव घातला. दगडात अडकलेलं पीठ उडालं. समोर पालथ्या डब्यावर बसलेल्या त्यांच्या सुनेने, भुवनेश्वरीने, मोबाइलवरचं पीठ फुंकलं आणि विचारलं,

“मामा, ज्वारीचं पीठ चाळून घ्यावं का तसंच मळावं? नगरच्या एका बाईंनी विचारलंय.”

“कोंडा गुरांना घालायचा आसंल तर चाळावं. दारात गुरं न्हायती तर कशाला चाळतीय ती?”

भुवनेश्वरीचा अंगठा मोबाइलवर चालू लागला.

पेठेतल्या या गिरणीला गुरुवारी सुट्टी असे. गिऱ्हाईक नसे, पण दगडाला टाकी लावायचं काम असे. दळून दळून दगडाच्या खाचा बुजतात, मग पीठ तापून निघतं आणि भाकरीची चव जाते. आसपासचे गिरणीवाले महिन्यातून एकदा, तेही आठवण झाली तर, टाकी लावत. संगप्पा दर गुरुवारी लावत. चाळीस वर्षांत त्यांचे तीन गुरुवार चुकले होते, आणि ते कुठले हे कुणी न विचारताही ते सांगत.

गेल्या तीन वर्षांपासून या गुरुवारांना सुनेचा एक प्रश्न चिकटला होता. मंगळवेढ्याची ज्वारी आणि तिचं ताजं पीठ विकायला तिने वेबसाइट काढली, तेव्हा दिवसाला अकरा माणसं ती उघडून बघत, आणि त्यातली चार वेळा तीच असे. नवरा, गुरुराज, म्हणाला जाहिरात करू. ती म्हणाली, “जाहिरातीला पैसे नाहीत. गुरुवार मात्र फुकट आहे.” तेव्हापासून दर गुरुवारी एक प्रश्न, एक लेख. फोनवर गिऱ्हाइकाने काही विचारलं की ती वहीत टिपून ठेवी. पीठ पोचलं की दोन ओळी लिहा म्हणून प्रत्येकाच्या मागे लागे. जुने लेख पुन्हा वाचून चुका काढी. मोबाइलच्या नकाशात गिरणी एका सायकलच्या दुकानावर दाखवत होते, ते तिने आठ वेळा कळवून दुरुस्त करून घेतलं. लातूरच्या एका बाईंच्या साइटवरच्या पाककृतींखाली आपल्या लेखाचा पत्ता यावा म्हणून त्यांना वर्षभर पत्रं धाडली. शेवटी त्या बाई चिकाटीला कंटाळल्या की भाळल्या कोण जाणे, पण पत्ता आला. अकराचे शंभर व्हायला दीड वर्ष गेलं. आता साइटवर रोज दोन हजारांवर माणसं येत होती.

संगप्पांच्या लेखी हे सगळं टायपिंग होतं. त्यांनी ती साइट एकदाही उघडली नव्हती. पोरीला नाद आहे, असू दे, इतकंच त्यांचं मत. पण विचारलं तर उत्तर द्यायला त्यांना आवडे, कारण सबंध पेठेत पिठातलं आपल्याएवढं कुणाला कळत नाही याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

आजचा गुरुवार निराळा होता. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीचा माणूस येणार होता. गुरुराजने फोनवर अर्धं ऐकलं, अर्धं स्वतः जुळवलं आणि घरात सांगितलं की कंपनी गिरणीचं सगळं पीठ बारमाही उचलणार, आपल्या पिशवीत भरून विकणार. पुण्याचा माणूस आपल्या पिठासाठी दार शोधत येतोय म्हटल्यावर संगप्पा चार दिवस हरभऱ्याच्या झाडावर चढून बसले होते. पिशवीवर आपलं नाव नसणार हे मात्र त्यांना डाचत होतं. तरी त्यांनी मुलाला होकार देऊन टाकला होता. तसं झालं की साइटचं काही काम उरणार नव्हतं. भुवनेश्वरीला हे सांगून झालं होतं. तरी आजही ती दर गुरुवारसारखी येऊन बसली, प्रश्न घेऊन.

“अप्पा, आले ते,” गुरुराज दारातून म्हणाला.

पाहुण्याचं नाव अभिमन्यू. पस्तिशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट. गुरुराजने खुर्ची पुसून पुढे केली. संगप्पांनी परातीत काढून ठेवलेलं पीठ त्याच्यापुढे सरकवलं, की बाबा हात लाव, बघ. त्याने पिठाकडे पाहिलंच नाही. तो वाकला आणि संगप्पांच्या पायाला हात लावला.

“संगप्पा म्हणजे तुम्हीच ना? माझी आई दर शुक्रवारी सकाळी तुमचं वाचते. चहाच्या आधी.”

“माझं?” संगप्पा म्हणाले. “काय वाचती?”

अभिमन्यूला वाटलं म्हातारा गंमत करतोय. त्याने मोबाइल काढून पुढे धरला. वर गिरणीचं नाव होतं आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत ‘संगप्पा सांगतात’. खाली ओळीने प्रश्न. पीठ किती दिवसांचं घ्यावं? संगप्पांनी चष्मा लावला आणि उत्तर वाचलं. ‘पंधरा दिवसांच्या वर घेऊ नका. पिठाची विरी जाते, भाकरी थापताना फाटते. आमच्याकडूनसुद्धा जास्त घेऊ नका.’ हे ते एका गुरुवारी दगडावर घाव घालता घालता चिडून बोलले होते. त्यांचंच बोलणं होतं, फक्त शिव्या गाळलेल्या होत्या.

“आमचे साहेब म्हणाले, जो माणूस आपला माल कमी घ्या म्हणून सांगतो त्याला भेटून या,” अभिमन्यू म्हणाला. “काका, स्पष्टच बोलतो. पीठ आम्हाला कुठूनही मिळेल. आम्हाला ही साइट पाहिजे. पत्ता, सगळे लेख, हे नावसुद्धा.”

गुरुराजचं तोंड उघडं राहिलं. संगप्पांच्या चाळीस वर्षांच्या पिठाला कुणी असं बाजूला सारलं नव्हतं. राग यायला हवा होता. पण त्यांची नजर परातीवरून सुनेकडे गेली. ती डब्यावर तशीच बसून होती, पदराने मोबाइलची काच पुसत.

“दीडशेवर लेख आहेत,” अभिमन्यू सांगत होता. “आम्ही पाच वर्षं जाहिराती करतोय. पण भाकरी का मोडते असं कुणी शोधलं, की सगळ्यांच्या वर तुमचं हे पान येतं. सगळ्यात जास्त वाचलेलं.”

“वाचा की,” संगप्पा म्हणाले. “लई येळ बारीक अक्षर वाचवत न्हाय मला.”

अभिमन्यूने वाचलं.

“‘या घरात मी केलेली पहिली भाकरी तव्यावर पडायच्या आत मोडली. पाणी कोमट होतं आणि हात घाबरलेले होते. तीन तुकडे झाले, ते तसेच भाजून ताटात ठेवले. मामांनी तिन्ही तुकडे खाल्ले आणि आणखी मागितलं. दुसऱ्या दिवशी गिरणीतून येऊन एवढंच म्हणाले, पाणी उकळतं घे. तेव्हापासून माझी भाकरी मोडलेली नाही. तुमचीही मोडणार नाही.’”

संगप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला. त्यांना भरून आलं होतं, आणि ते लपवायला त्यांच्या हातात चष्म्याशिवाय काही नव्हतं.

“किती द्यायचं ते तुम्ही सांगा,” अभिमन्यू म्हणाला.

“मला नगा इचारू.”

“म्हणजे?”

“बोललो मी आसंन. बडबड करतोच मी. एकबी गुरुवार न चुकता लिवलं हिनं.” संगप्पांनी हातोडीने सुनेकडे दाखवलं. “खुर्ची तिकडं फिरवा आन तिला इचारा. ती म्हनंल ते खरं.”

अभिमन्यूने खरोखरच खुर्ची फिरवली. भुवनेश्वरी उठून उभी राहिली. तिने एकदा गुरुराजकडे पाहिलं. तो खाली बघत होता, मग त्याने मान वर केली आणि हलकेच हलवली.

“साइट विकायची नाही,” ती म्हणाली. “पीठ पाहिजे असेल तर देऊ. पिशवी आमच्या नावाची. आणि पंधरा दिवसांच्या वरचं दुकानात ठेवायचं नाही.”

“हे मला पुण्याला विचारावं लागेल.”

“विचारा की. आईंना नमस्कार सांगा.”

गुरुराज पाहुण्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेला. जाताना अभिमन्यूने दोन किलो पीठ मागून घेतलं, आईसाठी. गिरणीत दोघंच उरली. संगप्पा गोणपाटावर बसले, टाकी हातात घेतली, पण घाव घातला नाही.

“खाली तुझं नाव घाल,” ते म्हणाले. “समद्या लेखांखाली. सांगतो कोन ते ठावं हाय लोकास्नी, लिवती कोन तेबी कळू दे.”

“घालते.”

“आन त्या भाकरीचं आर्धंच लिवलंस.”

“काय राहिलं?”

“मोडली हुती हे खरं. पर कच्चीबी हुती. मधी पार पीठ.”

भुवनेश्वरीने मोबाइल उघडला, जुना लेख काढला आणि दुरुस्ती करू लागली. दोन शब्द लिहून ती थांबली.

“मग खाल्ली कशाला, मामा?”

संगप्पांनी टाकी दगडाच्या खाचेत नीट टेकवली.

“तू दारात हुबी ऱ्हाऊन बगत हुतीस की.”