कुरण रिकामं हवं

पापणी

जनावरांच्या डॉक्टरने शेळीची खालची पापणी अंगठ्याने ओढली. आत लाल दिसायला हवं होतं. पांढरंफटक होतं. जबड्याखाली पाणी भरून पिशवीसारखी सूज लोंबत होती.

"जंत रक्त पितायत, मावशी. औषध कधी पाजलं?"

"मागच्याच महिन्यात. सगळ्यांना पाजलं, एकीलाही सोडलं नाही." शेळ्यांची मालकीण, थोरली, जरा ऐटीतच म्हणाली.

"आणि मग?"

"त्याच दिवशी वरच्या कुरणात सोडल्या. म्हटलं पोट साफ, गवतही साफ."

डॉक्टरने पापणी सोडली.

चूक

ही चूक नीटनेटक्या माणसाच्याच हातून होते. औषधाने बहुतेक जंत मेले. जे थोडे तगले, त्यांची अंडी लेंड्यांतून नव्या कुरणात पडली. जुन्या कुरणात औषधाने मरणारे साधे जंत भरपूर होते, त्यांच्यात ही चिवट पिलावळ मिसळून गेली असती. इथे मिसळायला कुणी नव्हतंच. आता ते औषध म्हणजे नुसतं पाणी.

"सरसकट पाजायचं नसतं. जिची पापणी फिकट, तिलाच. बाकीच्यांच्या पोटात थोडे साधे जंत राहू द्यायचे."

"म्हणजे जंत पाळायचे?"

"थोडे."

"बरंय. घरात माणूस नाही, आता जंतांचीच उठबस करते."

डॉक्टर हसली. थोरली हसली नाही.

गाई

"दुसरं औषध देते, पण फक्त आजारी शेळ्यांना. ते एकटं पुरणार नाही. वरचं कुरण काही महिने शेळ्यांविना रिकामं हवं. तिथे गाई सोडा. गवताबरोबर अळ्या गाईंच्या पोटात जातात आणि तिथे बहुतेक मरतात. नाहीतर कळप हातचा जाईल, मावशी."

"माझ्याकडे कुठल्या गाई?"

"त्या तारेपलीकडच्या कुणाच्या?"

"धाकट्या बहिणीच्या."

"मग झालं की काम!"

डॉक्टर पोरगी गावात नवीन होती. आईच्या आजारपणात धाकटी एकदाही आली नव्हती. आई गेल्यावर आली, तेव्हा थोरलीने चारचौघांत विचारलं होतं, "वाटणी न्यायला आलीस?" त्यानंतर दोघी बोलल्या नव्हत्या. थोरली बोलायची ती शेळ्यांशी. या गेल्या, तर घरात तिचा आवाज ऐकायलाही कुणी उरणार नव्हतं.

सराव, गोठ्यात, शेळ्यांसमोर

"डॉक्टर म्हणत होती..."

नको. डॉक्टरच्या आड काय लपायचं?

"कशी आहेस?"

हे तर मुळीच नको. सांगितलं तिने खरंच, तर?

"गाई दे."

एक शेळी खोकली.

तार

धाकटी बादली घेऊन चालली होती. थोरलीने तारेजवळून हाक मारली. पाठ केलेलं सगळं ऐनवेळी विसरली.

"माझ्या शेळ्या मरतायत."

धाकटीने बादली खाली ठेवली. "मग?"

थोरलीने सांगितलं. जंत, औषध, कुरण, गाई.

"म्हणजे मी नको, माझ्या गाई हव्यात."

थोरलीला काहीतरी म्हणता आलं असतं.

"गाई हव्यात," ती म्हणाली.

"निदान खोटं तरी बोलत नाहीस." धाकटीने गाईंकडे पाहिलं. "शेळ्या इकडे पाठव. या वर्षी इथे गाईच चरल्यात. पण त्यांचं मी बघणार. तू रोज इकडे यायचं नाहीस."

"त्यांना मी ओरडल्याशिवाय चरायची सवय नाही."

"लागेल."

दुसऱ्या दिवशी धाकटी पक्कड घेऊन आली. तारा कापल्या. गाई या बाजूला आल्या, शेळ्या त्या बाजूला गेल्या. एकीनेही मागे वळून पाहिलं नाही. हिरवं गवत दिसलं की शेळी कुणाची नसते.

धाकटी पलीकडे उभी राहून तारेची टोकं जुळवू लागली. टोकं एकमेकांना पोहोचत नव्हती.

"धर," ती म्हणाली.

थोरलीने तार धरली.

"ओढ. आणखी. ढिली राहिली तर शेळ्या परत येतील."

थोरलीने पाय रोवले आणि जीव खाऊन ओढली.