पाहुणीसाठी पेटणारा हीटर

मित्रांनो, मी एक जुना विजेचा हीटर आहे. न्यूझीलंडमधल्या रॅनफर्ली गावात उनाबाई केरिगन यांच्या बैठकीच्या खोलीत मी राहतो.

नवा होतो तेव्हा माझ्या दोन्ही कांड्या लालबुंद व्हायच्या. उनाबाईंचे यजमान कॉलिन ओले बूट माझ्यासमोर ठेवून म्हणायचे, "हा गडी बरा, लाकडं फोडायला लावत नाही!" त्या कौतुकाने मी आणखीच तापायचो.

पुढे कॉलिन वारले आणि विजेचे भाव चढत गेले. कडाका पडला की सगळेच एकदम वीज ओढतात, डोंगरावरचे पाणी गोठते, वीज बनवणाऱ्या धरणात उतरत नाही. ज्या दिवशी माझी सर्वांत जास्त गरज, त्याच दिवशी मी सर्वांत महाग! हे दुःख मी कोणाला सांगू?

वीज कंपनी रोज एक तास वीज फुकट देते. उनाबाईंनी दुपारचा तीन ते चार निवडला आहे. तोवर अंगात जर्सीवर जर्सी आणि मांडीवर गरम पाण्याची पिशवी. मी आपला घड्याळाकडे कान लावून बसतो.

यंदा जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, खिडकीला आतून बर्फ धरला. तीन वाजताच उनाबाईंनी कपडे धुण्याचे यंत्र, ओव्हन, किटली आणि मी, सगळ्यांची बटणे एकदम दाबली. फट्! फ्यूज उडाला. शेजारच्या नायरीबाईंनी येऊन तार बसवेपर्यंत तास संपला. उनाबाईंचे ओठ निळे पडले होते, तरी त्यांनी मला बंद केले.

"अगं उना, राहू दे की चालू!"

"छे गं, मला कुठे थंडी वाजतेय?"

नायरीबाई हात चोळू लागल्या. "तुला नसेल वाजत. मला हुडहुडी भरलीय. पाहुणीला गारठवून मारतेस का?"

"अगं बाई, आधी नाही का सांगायचं!"

मी पेटलो. नायरीबाईंच्या कपाळावर घाम आला, तरी त्या हात चोळतच होत्या. चहा संपेपर्यंत उनाबाईंच्या ओठांवर रंग आला. मग नायरीबाई रोज विणकाम घेऊन येऊ लागल्या आणि रोज कुडकुडू लागल्या.

या आठवड्यात त्या लेकीकडे गेल्या आहेत. उनाबाई कोट घालून माझ्यासमोर बसल्या आहेत आणि मला माझे बटण दाबता येत नाही. दाराशी पाऊल वाजावे म्हणून जीव नुसता तळमळतो.

मित्रांनो, तुमच्या शेजारी असे कोणी असेल तर जरूर जा. 'थंडी वाजते का?' असे विचारू नका. 'मला थंडी वाजते,' असे म्हणा.